रिफिलची शाई

४ जून

ती. दादास,

नमस्कार.

अखेर प्रिंटर घेतला. शिवणयंत्राच्या शेजारी, जिथे इस्त्रीचं टेबल असायचं तिथे बसवलाय. पहिल्या दिवशी मी त्याच्यावरची धूळ तीनदा पुसली. आमचे हे म्हणाले, "लग्नाला इतकी वर्षं झाली, माझी इतकी निगा कधी राखली नाहीस." मी म्हटलं, तुम्ही कागद ओढून घेत नाही.

हा उद्योग कशासाठी, ते सांगते. छातीचं ऑपरेशन झालेल्या बायकांचे ब्लाउज मी शिवते, हे तुला माहीत आहे. एका बाजूला आतून कापडी खिसा, त्यात गादी बसते. प्रत्येकीचं माप वेगळं. आजवर मी खाकी कागदावर हाताने आखायचे, आणि दुसरी प्रत हवी असली की पुन्हा सगळं पहिल्यापासून. आता संगणकावर आखायला शिकले आहे. पानं छापायची, कडेला कड जोडून चिकटवायची, की झाला कागदी साचा. रेषा जिथे हवी तिथेच येते. खिसा जरा जरी सरकला तरी त्या बाईला दिवसभर टोचत राहतं.

आता अडचण. मशीनबरोबर आलेली कार्ट्रिजं बघता बघता संपली. दुकानदार म्हणतो, नव्या मशीनबरोबर देतात त्यांत शाई कमीच असते. आणि नवी घ्यायला गेले तर त्या किमतीत मला कापडाचा अख्खा ताका आला असता. म्हणून त्याच्याकडूनच रिफिलची रिकामी कार्ट्रिजं आणली, पारदर्शक, आणि शाईच्या चार बाटल्या. आणल्यापासून ती टेबलावर आहेत आणि मी त्यांच्याकडे बघते आहे. हात लावायचा धीर होत नाही. आयुष्यभर तू लोकांच्या कचेऱ्यांतली मशीनं दुरुस्त केलीस आणि सख्ख्या बहिणीला शाई भरता येत नाही, हे बरं दिसत नाही. सविस्तर लिही.

गेल्या वर्षी गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तू फोनवर येत नाहीस, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. स्वरयंत्रच काढलं म्हटल्यावर फोन धरून तू करणार काय. पण पत्रं लिहितोस, तीही लांबलचक, हे माझं नशीब. तब्येतीचं मात्र गाळू नकोस. वहिनी फोनवर "ठीक आहे" म्हणतात आणि विषय बदलतात.

तुझी,
चिंगी

*

१० जून

चि. चिंगीस आशीर्वाद.

आधी एक सांग, मशीनबरोबरची पुस्तिका वाचलीस का? नाही ना? आपल्या घराण्यात कुणी वाचत नाही. बाबांनी तर रेडिओच्या पुस्तिकेवर दाढीचं सामान ठेवलं होतं.

तर मग नीट ऐक. टेबलावर जुना टॉवेल पसर. अंगावर जुनं काहीतरी घाल, आणि त्या खोलीत कुणाचंही शिवायला आलेलं कापड ठेवू नकोस. हे मी दोनदा लिहीत नाही, तू दोनदा वाच.

कार्ट्रिजच्या वरच्या बाजूला दोन भोकं असतात. मोठ्यावर रबरी बूच असतं, तिथून शाई भरायची. दुसरं बारीक, त्यावर रंगीत खिटी असते, ते हवेचं. शाई भरताना हवेचं भोक बंद पाहिजे. भरून झालं, बूच घट्ट बसवलं, की मशीनमध्ये घालण्याआधी ती रंगीत खिटी काढायची. विसरलीस तर आत हवा जाणार नाही, आणि हवा गेली नाही तर शाई खाली उतरणार नाही. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल कसं अडतं, तसं.

प्रत्येक रंगाला वेगळी सिरिंज. सावकाश सोड. काठोकाठ भरायचा मोह होईल. तुझ्या ताटातही तू नेहमी जास्तच वाढून घ्यायचीस. वर थोडी जागा राहू दे. कडेला जी सोनेरी ठिपक्यांची चिप असते तिला बोट लावू नकोस. जुनं कार्ट्रिज काढून ठेवून शेजारणीशी गप्पा मारायला जाऊ नकोस, आतलं शाई फवारणारं हेड उघडं पडून सुकतं. बाटलीवर तुझ्या मशीनचा नंबर आहे ना, तो ताडून बघ. सगळ्या शाया सारख्या नसतात. आणि दर आठवड्याला एखादं रंगीत पान काढत जा, काम असो नसो.

मशीन पडद्यावर म्हणेल की हे कार्ट्रिज कंपनीचं नाही. म्हणू दे. ओके दाबायचं आणि पुढे जायचं. मात्र उद्या काही बिघडलं आणि कंपनीचा माणूस आला तर रिफिल बघून तो नाक मुरडेल, हे आधीच धरून चाल.

भरल्यावर वास घेऊन बघ. नासकी शाई आंबूस येते. मला मात्र विचारू नकोस. आता श्वास गळ्याच्या भोकातून चालतो, नाकाला पेन्शन लागली आहे. काय शिजलंय ते मला ताट पुढे आल्यावर कळतं.

बाकी मी मजेत. सकाळी फिरायला जातो. आवाज शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्याकडे अधूनमधून जातो. फारसं काही जमत नाही. त्यांचा वेळ जातो, माझाही.

तुझा,
दादा

*

२१ जून

ती. दादास,

नमस्कार. झालं एकदाचं! तुझं पत्र समोरच्या भिंतीला टाचणीनं लावलं आणि एकेक ओळ वाचत भरलं. खिटी काढली. मशीनने तक्रार केली, मी ओके दाबलं. मग आतून जरा कुरकुर, जरा घुरघुर, आणि पान बाहेर आलं. काळी रेषा अशी स्वच्छ की मी बोट फिरवून बघितलं. म्हणून बोटही काळं झालं.

खरं सांगायचं तर काळीच जास्त भरली गेली. वर जागा ठेव म्हणाला होतास, पण बाटलीत थोडीशीच उरली होती, ती कशाला ठेवायची म्हणून ओतली. बूच दाबल्यावर कडेने ओघळली. पुसली. आतही थोडी सांडली असावी, तीही कापूस घालून पुसली. चालतंय सगळं, काळजी करू नकोस.

आता खरी बातमी. माझी एक गिऱ्हाईक आहे, शाळेत शिकवते. ऑपरेशननंतर ती वर्गात पुस्तक छातीशी धरून उभी राहायची. फळ्यावर लिहायलाही हात वर करायची नाही. तिचा ब्लाउज या नव्या साच्यावरून शिवला. परवा घालून आली आणि म्हणाली, "आज फळा भरून लिहिलं." एवढंच. मग आम्ही दोघी उगाच कापडाच्या भावाबद्दल बोलत बसलो.

तिनेच त्या हॉस्पिटलच्या वॉर्डच्या सिस्टरना माझं नाव सांगितलं. सिस्टर स्वतः येऊन गेल्या. बायका घरी जायला निघतात तेव्हा त्यांच्या हातात द्यायला माझे साचे हवेत म्हणाल्या, चार मापांचे, आणि कुठे काय शिवायचं ते चित्रांसकट. म्हणजे ज्यांना शिवता येतं त्या घरच्या घरी शिवतील. पाच जुलैला त्यांच्याकडे बायकांची बैठक आहे, तोवर गठ्ठा द्यायचा आहे. दादा, मी हो म्हणून बसले आहे.

आवाजाच्या बाईंचं तू दोन ओळींत उडवून लावलंस. नियमित जातोस ना?

तुझी,
चिंगी

*

२५ जून

चि. चिंगीस,

आत कापूस घालायचा नसतो. तंतू राहतात. जे झालं ते झालं, पुन्हा घालू नकोस.

ऑर्डर मिळाली हे उत्तम. कागद चांगला वापर.

बाईंकडे जातो. त्याची चौकशी पत्रागणिक नको.

दादा

*

२८ जून

ती. दादास,

रागावलास ते कळलं. रागाव, पण आधी मला वाचव.

मशीन बंद पडलंय. चालू केलं की आतला गाडा धाडकन उजव्या भिंतीवर जाऊन आपटतो, मग डावीकडे आपटतो, आणि लाल दिवा लुकलुकतो. निम्मी पानं व्हायची आहेत. दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, ठेवून जा, पंधरवड्यात बघू. सिस्टरना काय तोंड दाखवू?

आवाज कसा येतो ते मला लिहिता येत नाही. तू नेहमी म्हणायचास की मशीन बोलतं, आपण फक्त ऐकायचं. म्हणून एक सुचवते, नाही म्हणू नकोस. हे पत्र मी उद्या तुमच्याकडे येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर देते आहे. रविवारी सकाळी दहाला मी फोन करीन. तू बोलायचं नाहीस. फक्त कानाला लाव आणि ऐक. मी मशीन चालू करीन आणि एकेक विचारत जाईन. हो असेल तर फोनवर एकदा टकटक कर, नाही असेल तर दोनदा. तुझ्याशिवाय माझं कोण आहे ह्या बाबतीत?

तुझी,
चिंगी

*

१ जुलै

ती. दादास,

दादा, तू म्हणजे देवमाणूस आहेस! मशीन चालू झालं!

काल फोन ठेवल्यापासून जे बसले ते आत्ता उठले. सगळं जसं सांगितलंस तसं केलं. प्लग काढला, स्वच्छ फडकं जरासं ओलं केलं, आणि ती आडवी पारदर्शक पट्टी एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत अगदी हलक्या हाताने पुसली. फडक्यावर काळी शाई आली. सांडलेली शाई त्या पट्टीवर बसली होती, म्हणून गाड्याला आपण कुठे आहोत तेच कळत नव्हतं. हे सगळं तुझ्या टकटकीतून काढलं बरं का मी! "पट्टी?" टक. "पाण्याने?" टक. "जोरात?" टक टक. आमचे हे म्हणाले, तुम्ही दोघं तारखात्यात शोभला असता.

पण त्याआधीचा प्रसंग लिहायचा राहिलाच. मला वाटलं होतं, ती पट्टी म्हणजे पॅकिंगचं प्लास्टिक काढायचं राहिलंय आणि त्यातच गाडा अडकतोय. मी फोन टेबलावर ठेवला, मोठ्याने म्हटलं, "सापडलं रे, ही कापून टाकते," आणि कात्री आत घातलीसुद्धा. तू टकटक करत असशील, पण गाडा इतका आपटत होता की मला काही ऐकू आलं नाही. आणि मग फोनमधून कुणीतरी ओरडलं, "थांब! कापू नकोस!" माझ्या हातातून कात्रीच पडली.

कोण होता तो? तुझा जुना कुणी मेकॅनिक का? माणूस हुशार आहे, न बघता ओळखलं. पण आवाज काय रे बाबा! रिकामं पिंप जिन्यावरून घरंगळत यावं तसा. मी तर दचकलेच. त्याला माझे आभार सांग, आणि बायकामाणसांशी जरा हळू बोलायलाही सांग.

उरलेली पानं आज उद्यात होतील. तुझे उपकार कसे फेडू?

तुझी,
चिंगी

*

१९ जुलै

ती. दादास,

पत्र नाही. पोचलं नाही का माझं?

गठ्ठा वेळेत दिला. बैठकीला मीही गेले होते. एक आजी साचा उलटसुलट करून बघत होत्या. म्हणाल्या, "हे मला चाळीस वर्षांपूर्वी मिळालं असतं तर." सिस्टर पुढच्या महिन्यासाठीही मागताहेत. गुलाबी शाई संपत आली आहे.

तुला हे सगळं लिहायला मजा येते, पण उलट काहीच येत नाही. वहिनींना फोन केला तर म्हणाल्या, "लिहील हो." त्यांचा आवाज काही मला बरा वाटला नाही. तब्येत बिघडली आहे का? खरं काय ते कळव. कापूस घातल्याचा राग अजून आहे का?

तुझी,
चिंगी

*

२४ जुलै

चि. चिंगीस,

मला पत्रं लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घे. हे मी त्याला न सांगता लिहिते आहे.

त्या रविवारी घरात दुसरं कुणीही नव्हतं. मी होते आणि तो होता. "थांब" म्हणाला तो तुझा दादा.

तुला सगळं पहिल्यापासून सांगते. हिवाळ्यापासून तो त्या आवाजाच्या बाईंकडे शिकतो आहे. गळ्यात एक छोटी झडप बसवली आहे. पुढच्या भोकावर अंगठा दाबला की श्वास आतून वळतो आणि आवाज होतो. बाईंसमोर तो शब्द काढायचा. घरी मात्र कधीच नाही. न्हाणीघरात नळ सोडून सराव करायचा. मी बाहेरून ऐकायची आणि भांड्यांचा आवाज करायची, म्हणजे त्याला वाटावं की मला ऐकू गेलं नाही. माझ्याशी पाटीवर लिहूनच बोलायचा. फिरायला जातो म्हणून तुला लिहितो, ते खरं नाही. बाईंकडे जाणं सोडलं तर उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. शर्टाचं वरचं बटण लावता येत नाही, आणि गळा उघडा ठेवून चारचौघांत जायला तो तयार नाही.

त्या दिवशी तू कात्री म्हणालीस आणि तो टेबलावर मुठी आपटायला लागला. तुला ऐकू जाईना. मग त्याचा अंगठा आपोआप गळ्यावर गेला. तुझा फोन ठेवल्यावर तो स्वयंपाकघरात आला, दारात उभा राहिला आणि मला म्हणाला, "तिनं ऐकलं." एका वर्षानंतर त्याने माझ्याशी बोललेला पहिला शब्द तो. समोर दूध उतू जात होतं, मी तशीच उभी राहिले.

पुढचे दोन-चार दिवस तो थोडं थोडं बोलायचा. मीठ दे, खिडकी लाव, असं. एकदा मला हाक मारली, उगाच, काही काम नव्हतं. आणि तुझ्या पत्राची वाट बघत होता. पोस्टमन गेला की खाली डोकवायचा.

मग पत्र आलं. वाचलं, माझ्याकडे सरकवलं, आणि पाटीवर लिहिलं, "तिला मी कळलो नाही." तेव्हापासून पुन्हा पाटी. बाईंकडे जाणंही बंद.

मी तुला दोष देत नाही, चिंगे. मी त्याच घरात नसते तर मलाही कळलं नसतं. पण तुला माहीत असायला हवं म्हणून लिहिलं.

तुझी,
वहिनी

*

२९ जुलै

ती. दादास,

वहिनींनी लिहिलं. त्यांच्यावर चिडू नकोस.

हे पत्र मी चार वेळा लिहिलं आणि फाडलं. आधीच्यांत फार गोड गोड लिहिलं होतं. तुझा आवाज छान आहे असं एकात लिहिलं होतं, ते वाचून तुलाच हसू आलं असतं. तो छान नाही. मी दचकले ते खरंच आहे. आणि पिंपाचं जे लिहिलं ते आता परत घेता येत नाही.

मी तुला ओळखलं नाही. माझ्या कानात तुझा जुना आवाज होता, लग्नात पंगतीच्या या टोकाकडून त्या टोकाला ऐकू जाणारा. तोच कधीतरी येईल असं मनात कुठेतरी धरून बसले होते. दुसरा येईल असं मनातच आलं नाही. हा माझा वेडेपणा. तू मेहनत करून काहीतरी मिळवलंस आणि मी त्याला विचारलं, कोण रे तू.

पण एक गोष्ट मी ह्या आठवड्यात पुन्हा पुन्हा आठवते आहे. आमचे हे दिवसातून दहादा "अगं थांब" म्हणतात. मी थांबते का? मी आधी "का?" विचारते, मग वाद घालते, आणि शेवटी मला करायचं तेच करते. त्या दिवशी मी काही विचारलं नाही. कात्री टाकूनच दिली. परक्या मेकॅनिकचं मी इतक्या मुकाट्याने ऐकलं असतं का, तूच सांग.

आता कामाचं. बटण लावता येत नाही म्हणून घरात बसायचं, हे शिवणारीच्या भावाला शोभत नाही. मी कॉलरचा एक साचा आखला आहे. पुढून नेहमीच्या शर्टासारखाच दिसेल, बटणं खरी, पण गळ्यापाशी आतून कापड दुहेरी आणि विरळ. श्वास मोकळा राहील आणि अंगठा आत सहज जाईल. छापूनही काढला, पण माप अंदाजाने घातलंय, आणि अंदाजाने मी कापडाला कात्री लावत नाही. वहिनींकडून माप मागवणार नाही. त्या टेप सैल धरतात.

म्हणून तू ये. बोलू नकोस वाटलं तर. पाटी आण. पण ये.

तुझी,
चिंगी

*

६ ऑगस्ट

चि. चिंगीस आशीर्वाद.

गुरुवारच्या बसने येतो. मशीन बघायला. कापूस घातल्यावर ते कसं चालतंय याचं मला कुतूहल आहे.

राग तुझा नव्हता. फोन ठेवल्यावर मी मनाशी ठरवून टाकलं होतं की तू काय लिहिशील. हसशील, रडशील, देवाला काहीतरी बोलली असशील ते कळवशील. "कोण होता तो" एवढं सोडून बाकी सगळं माझं धरून झालं होतं. परवा पुन्हा बाईंकडे गेलो आणि त्यांना हे पाटीवर लिहून दाखवलं. त्या म्हणाल्या, फोनवर पहिल्यांदा कुणालाच ओळखू येत नाही, नवऱ्याला बायको नाही आणि आईला मुलगा नाही. म्हटलं, हे आधी सांगायला काय झालं होतं?

पिंप रिकामं नव्हतं. अर्धं भरलेलं होतं. आवाजात फरक असतो.

स्टँडवर कुणाला पाठवू नकोस. मला बोलतं करायचा प्रयत्न करू नकोस. तुझ्या शेजारणी बघायला येऊ देऊ नकोस.

दादा

*

१८ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

दादा सुखरूप आहे, नीट जेवतो आहे, हे आधी.

गुरुवारी आला तो गळ्याभोवती एवढा मोठा रुमाल गुंडाळून. इतक्या उकाड्यात! दारात मी काहीतरी बोलायला गेले, तर त्याने हात वर करून गप्प केलं आणि बूट काढायच्या आधी मशीनकडे गेला. झाकण उघडलं, आत बघितलं, आणि पाटीवर लिहिलं, "हे मशीन आहे की मोरी?" मग दिवसभर पुसत बसला. काळ्या कार्ट्रिजमधली जास्तीची शाई सिरिंजने परत बाटलीत काढली. मला पुन्हा भरायला लावलं, स्वतः मागे हात बांधून उभा राहिला. मी काठापर्यंत गेले की खोकायचा.

शुक्रवारी माप घेतलं. वहिनी, ते भोक मी पहिल्यांदा बघितलं. तुम्ही रोज बघता. माझं तर रोजचं काम हेच, ऑपरेशन झालेल्या अंगांची मापं, मला वाटलं होतं मला काही होणार नाही. टेप हातात धरून मी किती वेळ तशीच उभी होते कोण जाणे. शेवटी त्यानेच टेपचं टोक माझ्या हातातून घेतलं आणि गळ्याशी धरलं. बोलला मात्र तेव्हाही नाही. शनिवारीही नाही. मी मनात म्हटलं, राहू दे. माझ्यासमोर आता नाहीच बोलणार तो.

आज सकाळी सिस्टरची पानं छापताना गुलाबी शाई संपली. शाळेतल्या बाई फिटिंगला आल्या होत्या, त्यांच्या अंगावर टाचण्या लावलेल्या, मला हलता येईना. दादाने बाटलीवरचा नंबर कागदावर लिहून घेतला, मला दाखवला, आणि निघून गेला. दुकान कोपऱ्यावरच आहे. जरा वेळाने माझी नजर टेबलावर गेली, तर पाटी तिथेच!

त्या दुकानात नेहमी गर्दी, आणि शाईवाला एक नंबरचा तिरसट. बाईंना म्हटलं, पाच मिनिटं अशाच उभ्या राहा, आणि पाटी घेऊन धावले. कोपऱ्यावर वळले तर आवाज रस्त्यापर्यंत येत होता.

"ही नाही! नंबर बघ, नंबर!"

"अहो, सगळी सारखीच असते. कितीजण घेऊन जातात!"

"सारखी असती तर नंबर कशाला छापला असता?"

वहिनी, तो भांडत होता. डावा अंगठा गळ्यावर, उजव्या हातात बाटली, आणि ती तो शाईवाल्याच्या नाकासमोर नाचवत होता. रुमाल सुटून खांद्यावर आला होता, त्याचं त्याला भानही नव्हतं. दोन वाक्यांनंतर श्वास घ्यायला थांबायचा, तेवढ्यात शाईवाला बोलून घ्यायचा, की हा पुन्हा सुरू. आणि शाईवाला त्याच्यावर सरळ ओरडत होता. कसली दया नाही, कसलं सांभाळून घेणं नाही, माझ्याशी भांडतो तसाच भांडत होता. मागच्या रांगेतला एक माणूस वैतागून म्हणाला, "आजोबा, आवरा ना, आम्हालाही घ्यायचंय." दादा मागे वळून म्हणाला, "तुम्हीसुद्धा नंबर बघून घ्या!"

मी आत गेले नाही. शेजारच्या चपलांच्या दुकानापाशी पाटी पदराखाली धरून उभी राहिले. तिथल्या बाईने विचारलं, काय हवंय. मी म्हटलं, काही नको, ऐकते आहे.

बाहेर आला तेव्हा घामाघूम होता. मला बघून जरा थबकला. मग अंगठा लावला आणि म्हणाला, "मूर्ख आहे तो. पण बदलून दिली." आणि जे बोलायला लागला ते घरी येईपर्यंत थांबला नाही. ह्या शाईत काय असतं, त्या शाईत काय नसतं, कुठल्या कचेरीत कुणी चुकीची भरली आणि साहेबाच्या सदऱ्याचं काय झालं. जिना चढताना दम लागला तर पायरीवर बसून बोलला. शाळेतल्या बाई अजून टाचण्या लावून उभ्याच होत्या, त्यांनाही पहिल्यापासून सगळं ऐकवलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि वर प्रश्नही विचारला, की त्यांच्या शाळेतलं मशीन पट्टे का मारतं. झालं! मग हेड कसं साफ करायचं ते सुरू. मला मापं मोजता येईनात, आकडे चुकायला लागले. शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, जरा गप्प बस ना!"

म्हटलं आणि आणखी काही निघू नये म्हणून हातातल्या टाचण्या तोंडात धरल्या.

तो माझ्याकडे वळला. मग हसायला लागला. त्याच्या हसण्याला आता आवाज नसतो, तुम्हाला माहीत आहे, नुसते खांदे हलतात. खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मीही टाचण्या तोंडात धरून हसत होते, आणि शाळेतल्या बाई म्हणत होत्या, "अहो, टाचण्या! आधी त्या टाचण्या काढा तोंडातून!"

शर्ट उद्या होईल. परत कधी पाठवू ते विचारायला त्याला गाठलं, तर म्हणाला, तुम्हाला तो स्वतः फोन करणार आहे, गुरुवारी रात्री जेवणानंतर. वहिनी, फोन उचला, आणि काहीही झालं तरी "कोण बोलतंय" म्हणू नका.

तुमची,
चिंगी